काकूंची डिस्क

नागपूर,
१८ मे

प्रिय विन्या,

तू मोबाईलवर घेतलेलं ईशाचं अरंगेत्रम, तिचा भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, काकूंनी पाहिलं. एकदाचं! तुझे तीन मेसेज येऊन पडले आहेत, "झालं का?", "दिसलं का?" आणि "टीव्हीच नवा घेऊन दे ना बे". एवढं सगळं मोबाईलवर लिहीत बसलो असतो तर अंगठा कामातून गेला असता, म्हणून हे पत्र.

आधी टीव्हीचं. काकूंना नवा टीव्ही नकोय. त्यांचा तो डबा टीव्ही, त्याखालचा डीव्हीडी प्लेअर, आणि प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेले दोन रिमोट. मोबाईलवर नातीचा नाच बघायचा म्हणजे, "मुंगी नाचून राहिली असं वाटते रे." प्लेअरचं बटण मात्र त्यांना अंधारातही सापडतं. तेव्हा त्यांना बदलायचं सोडून तुझी १६ जीबीची फाइल बदलायला बसलो.

पहिला मूर्खपणा माझाच. कोरी डिस्क घेतली, अलारिप्पूचा, म्हणजे पहिल्या नाचाचा, तुकडा कापला आणि एमपी४ फाइल जशीच्या तशी तिच्यावर टाकली. कॉम्प्युटरवर झकास. काकूंच्या प्लेअरने मिनिटभर घरघर केली आणि 'नो डिस्क' म्हणून मोकळा झाला. त्याची चूक नाही. तो १९९६ साली ठरलेल्या नियमांचा माणूस. त्याला चित्र एमपेग-२ सारख्या जुन्या प्रकारात लागतं, आवाज ४८ किलोहर्ट्झचा लागतो, आणि डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये एकेक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइली मांडून द्याव्या लागतात. हे सगळं डीव्हीडीस्टायलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर ते रात्रभर चालतं. दिवसा लावायची सोय नाही, पारा ४५ च्या आसपास आहे आणि कूलरसमोर मी बसू की कॉम्प्युटर, असा प्रश्न पडतो.

मग हिशेब. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं आणि कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो. दुकानदाराने फसवलेलं नाही, एक हजाराने मोजतो आणि दुसरा १०२४ ने. तुझा कार्यक्रम २ तास १० मिनिटांचा, म्हणजे ७,८०० सेकंद. डिस्कमध्ये मावतात ३७,६०० मेगाबिट. भागाकार केला तर सेकंदाला ४.८ येतात. त्यातून आवाजाचे काढले, थोडी जागा मोकळी सोडली आणि चित्राला ४.४ दिले. नियमाने ९.८ पर्यंत देता येतात, पण मग शेवटचा नाच, तिल्लाना, डिस्कबाहेर राहिला असता. जोशीसरांच्या गणिताच्या तासाला आपण मागच्या बाकावर काय करायचो ते आठवलं आणि हसू आलं.

डिस्क बर्न करताना ७२ टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. ती डिस्क आता बाल्कनीत दोऱ्याला टांगली आहे, कबुतरं घाबरतात. दुसरी मुद्दाम सावकाश, ४एक्स वेगाने बर्न केली आणि घेऊन गेलो.

काकू पाटावर बसल्यासारख्या खुर्चीत ताठ बसलेल्या. ईशा स्टेजवर आली आणि काकूंचा चेहराच उतरला.

"काहून रे इतकी वाळली पोरगी? तिकडे जेवाले घालतात की नाही तिले?"

मी पाहिलं तर ईशा खरंच अगरबत्तीसारखी दिसत होती. मृदंगवालेही तसेच, मृदंगसुद्धा उभट. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार १६:९ असा कोणीतरी ठेवलेला, त्यामुळे रुंद चित्र डबा टीव्हीच्या ४:३ चौकटीत दाबून बसवलं जात होतं. '४:३ लेटरबॉक्स' केलं, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि तुझी लेक परत अंगाने भरली. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. तरी सांगून ठेवतो, तुझ्या बायकोला फोन जाणारच आहे जेवणाबद्दल.

पण खरी गंमत पुढे. अलारिप्पू झाला, जतिस्वरम् झाला, वर्णम् लांबलचक झाला. काकूंचा हात खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होता. तिल्लाना सुरू झाला आणि हात थांबला. "पद्या, पाय आधी पडते अन् झांज मागून येते." मला काही कळलं नव्हतं. पुन्हा लावून बघितलं, बरोबर! जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक. पस्तीस वर्षं पोरींना गाणं शिकवलेला कान, विन्या, तिथे सॉफ्टवेअरचं काही चालत नाही.

कारण तुझा मोबाईल. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतो म्हणतो, पण नेमाने घेत नाही, उजेड कमी झाला की कमी घेतो. आवाज मात्र आपल्या चालीने जात राहतो. सुरुवातीला फरक दिसत नाही, दोन तासांत साचत जातो. मग आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', म्हणजे दर सेकंदाला सारख्याच फ्रेम, करून घेतलं आणि त्यावरून डीव्हीडी केली. दोनदा बदलल्यामुळे चित्राची थोडी चमक जाते, तर जाऊ दे.

त्यातच आणखी एक सुधारलं. आपल्याकडची म्हणून मी 'पाल' (PAL) ही टीव्हीची पद्धत धरली होती, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. तुझ्या ३० मधल्या पाच टाकून द्याव्या लागतात आणि नेमक्या पायांच्या कामात झटके दिसतात. अमेरिकेतली एनटीएससी पद्धत धरली तर २९.९७, जवळपास काहीच टाकावं लागत नाही. उंचीच्या ओळी ५७६ वरून ४८० वर येतात, पण नाच आहे, फोटो नव्हे. काकूंचा टीव्ही दोन्ही घेतो हे पुसून वापरता येणाऱ्या डिस्कवर आधी बघून घेतलं. हे शहाणपण मला चौथ्या डिस्कला सुचलं, पहिल्या डिस्कला सुचायला हवं होतं.

मेन्यू ठेवला नाही. डिस्क घातली की थेट सुरू. प्रत्येक नृत्याला चॅप्टर दिलाय आणि 'पुढे'च्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. (नेलपॉलिश वहिनीचं, तिला सांगू नको.)

ही डिस्क पक्की समजून काल दिली. काकूंनी सगळी बघितली, झांज जागेवर आली म्हणाल्या आणि मग विचारलं, "तो सुरुवातीचा तुकडा काहून काढला?"

तुला आठवत नसेल. पडदा उघडायच्या आधी ट्रायपॉड नीट करायला तू वाकलायस, दोन सेकंद तुझं नाक आणि चष्मा पूर्ण पडद्यावर. मला तो कचरा वाटला, या वेळी कापला होता. काकूंनी मात्र तो आधीच्या डिस्कवर पाहून ठेवलेला. "ईशाचं छान झालं रे, पण विनू पण होता न त्यात."

तेव्हा आज रात्री पुन्हा कॉम्प्युटर लावलाय. तो तुकडा आता पहिला चॅप्टर आहे.

कोऱ्या डिस्क संपत आल्या. सीताबर्डीवर चार दुकानं पालथी घातली, एकाने धूळ झटकून दहाची पुडी काढली आणि "आता कोण घेते भाऊ" म्हणून मलाच विचारलं. काकूंना वर्ध्याच्या मावशींसाठी एक आणि शेजारच्यांसाठी एक हवी आहे. तिकडे डीव्हीडी-आर मिळाल्या तर दिवाळीला येताना घेऊन ये, पंचवीसेक तरी.

तुझा,
पद्या