विधी साहाय्य कक्षातल्या वकील ताईंना

आदरणीय ताई,

‘अपील केलंय, आता पोटगी बंद,’ हे ऐकून घाबरून आलेल्या प्रत्येक आईला तुम्ही आधी एकच विचारता, ‘स्थगितीचा हुकूम दाखवलाय का?’ त्या एका प्रश्नाबद्दल तुमचे मनापासून आभार. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 41 नियम 5 मध्ये, स्पष्ट लिहिलंय की नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. पण त्या ओळीवर बोट ठेवून दाखवणारं माणूस लागतं.

हुकूम कोणत्या कलमाखालचा, हे आधी वाचायला तुम्ही लावलंत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) खालची पोटगी असेल तर वसुलीच्या वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. नवरा तुरुंगात जाऊन आला म्हणून बाकी फिटत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खालचा अंतरिम हुकूम असेल तर दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज. मात्र घटस्फोटाचा निकाल लागला की तो हुकूम तिथेच संपतो. मागची थकबाकी वसूल होते, पण निकालात मुलाच्या खर्चाचं काही लिहिलेलं नसेल तर पुढच्या महिन्यांसाठी नवा अर्ज करावा लागतो. सगळ्यात जास्त महिने इथेच वाया जातात, कारण जुनाच हुकूम चालू आहे असं धरून बाया थांबून राहतात.

आणि तो तुमचा आखीव कागद! महिना, ठरलेली रक्कम, जमा, बाकी, असे चार रकाने, आणि प्रत्येक ओळीला पासबुकातली नोंद. ‘रोख दिले होते’ असं समोरून आलं की हाच कागद कामाला येतो.

पगारजप्तीचंही तसंच. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित असतो. पगार 45,000 धरला तर 30,000 पर्यंत जप्ती बसू शकते. पण अर्जात नुसतं कंपनीचं नाव टाकून भागत नाही. पगार काढणाऱ्या कार्यालयाचा पूर्ण पत्ता आणि कर्मचारी क्रमांक नसेल तर हुकूम बजावणीविना परत येतो.

समोरच्याने स्थगिती मागितलीच, तर ‘आधी थकबाकी कोर्टात जमा करा’ ही अट मागायची, आणि त्या तारखेपर्यंत भरलेला तक्ता प्रतिज्ञापत्राला जोडूनच उभं राहायचं, हे तुम्ही पक्कं करून घेतलंत. स्त्रियांना आणि मुलांना विधी साहाय्य मोफतच आहे, उत्पन्नाची अट नाही, हे तर दारातच सांगता.

तुमच्या कृतज्ञ,
कक्षाबाहेरच्या बाकावरच्या आया