पेट स्कॅनआधीची पेज

संपादक महोदय,

आमच्या ह्यांना वयाच्या ४३व्या वर्षी हृदयाचा सार्कॉइडोसिस, म्हणजे अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार, निघाला. निदान व्हायला सव्वा वर्ष लागले. त्यातला दीड महिना माझ्या हातून वाया गेला, म्हणून हे पत्र.

कुळागरात पाटाचे पाणी वळवताना हे पहिल्यांदा कोसळले, तेव्हा आम्हाला ऊन लागले असे वाटले. दुसऱ्या वेळी नाडी ३६ होती. हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे रक्तवाहिनी तुंबली नव्हती, हृदयाचे ठोके चालवणारा विजेचा संदेश वाटेत अडत होता. पेसमेकर बसला. तो बसायलाच हवा होता. पण या वयात ब्लॉक कशाने झाला, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. साठीच्या आतल्या माणसाला काही कारण नसताना असा ब्लॉक झाला, तर सार्कॉइडोसिस आहे का ते पाहावे, असे अमेरिकेच्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या तज्ज्ञांनी २०१४ सालीच सांगून ठेवले आहे. मला ते फार उशिरा कळले.

आठ महिन्यांनी धडधड सुरू झाली. सीटी स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. आधी टीबीचाच संशय आला, आपल्याकडे तो येणारच. श्वासनळीत दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला, तेव्हा सार्कॉइडोसिस कळला. हृदयाचा तुकडा काढायचे टाळले, कारण हा आजार हृदयात ठिकठिकाणी, तुकड्यातुकड्यांनी असतो. नेमकी ती जागा चिमट्यात सापडेलच असे नाही, बहुतेकदा सापडत नाही. पेसमेकरमुळे एमआरआयही अवघड होता. उरला पेट स्कॅन.

या स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून सोडतात. सूज असलेल्या पेशी ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. पण निरोगी हृदयही साखर घेतेच. त्याने ती सोडून चरबीवर चालावे, म्हणून आदल्या दिवशी पिठूळ आणि गोड सगळे बंद, नुसते तेलातुपाचे, मासळी, अंडी; मग रात्रभर कडकडीत उपाशी. हे सगळे आम्हाला दिलेल्या कागदावर होते, पण इंग्रजीत. ‘कार्बोहायड्रेट’ म्हणजे साखर आणि भात एवढेच मी धरले. रात्रीचा बांगडा रव्यात घोळवून तळला. पाणी चालेल असे लिहिले होते. पहाटे चारला हे निघाले, चेहरा उतरलेला, म्हणून उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ मीठ घालून पेलाभर दिली. तिथे विचारले, काही खाल्ले का? हे म्हणाले, नाही. ते खोटे बोलले नाहीत. आमच्या घरात निवळीला कोणी खाणे म्हणत नाही.

चित्रात अख्खे हृदय सारखेच उजळलेले. डॉक्टरांनी माझ्यावर राग धरला नाही, पण त्यावरून काहीच सांगता येणार नाही म्हणाले. पैसे पुन्हा जमवायला दीड महिना गेला आणि त्या काळात त्यांना दोनदा चक्कर आली. दोन्ही रात्री मी त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून जागी होते.

दुसऱ्या खेपेला वहीच्या पानावर यादी लिहून फ्रिजवर चिकटवली: भात नाही, पेज नाही, निवळ नाही, पाव नाही, रवा नाही, केळे नाही, सोलकढी नाही, चहात साखर-दूध नाही. या वेळी हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यावरचा भाग तेवढा उजळला. स्टेरॉइड सुरू झाले, सहा महिन्यांनी तो डाग फिका झाला.

माझी विनंती हे स्कॅन करणाऱ्या सगळ्यांनाच आहे. कागद मराठीत आणि कोकणीत द्या आणि त्यात आमच्या ताटातले पदार्थ नावानिशी लिहा. नुसता ‘उपवास’ शब्द तर लिहूच नका. एकादशीला उपवास म्हणून आम्ही साबुदाण्याची खिचडी आणि केळी खातो, आणि पेशंटही तेच खाऊन येईल. यादी मी लिहून द्यायला तयार आहे.

— एक प्राथमिक शिक्षिका, सत्तरी