दांडिया बाजारातील काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

१९९६च्या उन्हाळी सुट्टीत, बडोद्यात दांडिया बाजारातील आपल्या घरी, आपण मला ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा खेळ संगणकावर लावून दिलात. त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. ते आज सर्वांसमक्ष मानतो.

१९९० साली लुकासफिल्म गेम्सने काढलेला हा खेळ रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी रचला, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा दिसला तो समुद्री चाचा होण्याचे स्वप्न घेऊन बेटावर आलेला गायब्रश थ्रीपवुड आणि त्याच्याजवळची, मधोमध कप्पी बसवलेली रबरी कोंबडी. ती कशाला, असे मी विचारले, तेव्हा आपण फक्त ‘जपून ठेव’ म्हणालात. पुढे तारेवरून घसरत पलीकडच्या बेटावर जाताना तिचा उपयोग कळला, आणि मी किती तरी वेळ हसत होतो.

यातील तलवारबाजी हाताच्या चपळाईवर चालत नाही. प्रतिस्पर्धी टोमणा मारतो आणि त्याला चपखल उत्तर दिले तरच आपली सरशी होते. उत्तरे मात्र आधी हरून, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकूनच गोळा करावी लागतात. मी मराठी माध्यमातला, माझे इंग्रजी बेताचे. गवळ्यासारखा लढतोस, असे हिणवणाऱ्याला ‘शोभतेच, तू गाईसारखा लढतोस’ असे सुनवायचे असते, यातली गंमत आपण मराठीत उलगडून दाखवलीत आणि नवे शब्द वहीत लिहायला लावलेत. शेवटी तलवारीत सर्वांत निष्णात असलेली कार्ला निराळेच टोमणे मारते, आणि शिकलेली जुनीच उत्तरे त्यांना लावावी लागतात. नुसते पाठांतर तिथे हरते. त्या दुपारी मी जिंकलो, तो अर्थ कळल्यामुळे, आणि अर्थ आपण शिकवला होता.

एक प्रसंग विशेष आठवतो. गायब्रशला जड मूर्तीला बांधून समुद्रात टाकतात. भोवती दोर कापण्याजोगी धारदार हत्यारे पडलेली असतात, पण एकापर्यंतही हात पोचत नाही. त्या काळच्या अनेक साहसखेळांत एक पाऊल चुकले की नायक मरे. इथे मात्र दहा मिनिटे श्वास रोखता येतो अशी त्याची बढाई असते आणि खेळ तेवढा अवधी खरोखर देतो. मी रडकुंडीला आलो. आपण शेजारी बसून होतात, उत्तर ठाऊक असूनही गप्प. अखेरीस एवढेच विचारलेत, “त्याला जागचे हलू देत नाही, ती वस्तू कोणती?” मी मूर्तीच उचलायला सांगितली, आणि ती उचलून तो चालू लागला!

२००९ साली नव्या चित्रांसह निघालेली आवृत्ती मी आता मुलीबरोबर खेळतो. त्यात अडल्यास सूचना मिळण्याची सोय आहे. ती आम्ही वापरत नाही. मुलगी सध्या खेळातल्या त्या समुद्राच्या तळाशी आहे. रविवारी तिला घेऊन येतो. तिच्या शेजारी आपणच बसावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
शेजारचा मुलगा