अकरा जणांची टीम, लेखात दहाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पानावर स्पेनच्या 2010 च्या वर्ल्डकप टीमवर अर्धं पान आलंय, लेख झकास आहे, पण झावी, इनिएस्ता, व्हिया, पुयोल, पिके, रामोस सगळे आले आणि लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, जोआन कापदेविलाचं नाव एका ओळीतसुद्धा नाही. अहो, सातही मॅच पहिल्या मिनिटापासून खेळलाय तो! फायनलच्या अकरात रियाल माद्रिद किंवा बार्सिलोना क्लबचा नसलेला हा एकटाच, व्हियाचंसुद्धा तोवर बार्सिलोनात जायचं पक्कं झालं होतं. हा मात्र व्हियारियाल क्लबचा.

आता म्हणाल, मागे उभं राहून केलं काय त्याने? उजवीकडून रामोस सारखा पुढे पळायचा, डावीकडे पुढचे लोक आत घुसायचे, मग डावी बाजू अख्खी याच्या गळ्यात. अख्ख्या वर्ल्डकपमध्ये स्पेनने गोल खाल्ले दोन, आणि नॉकआउटच्या चारही मॅच 1-0. गोल मारायला जमत नसताना मागे कुणीतरी दार लावून बसलेलं लागतंच ना. फायनलला समोर नेदरलँड्सचा रॉबेन होता, उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने मारणारा. त्याचे दोन्ही मोठे चान्स आले ते मधून पळत जाऊन, आणि गोलकीपर कासियासने वाचवले. तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. हां, पोर्तुगालच्या मॅचला याच्यावरून रिकार्दो कोस्ताला लाल कार्ड मिळालं, तिथे हा पडला जरा जास्तच जोरात असं मला तरी वाटतं, पण ते असो.

करिअर तरी बघा. 2000 मध्ये हा होता त्या अत्लेतिको माद्रिदची टीम खालच्या डिव्हिजनला गेली आणि हा गेला कुठे, तर त्याच वर्षी लीग जिंकलेल्या डेपोर्तिवोत! त्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकचं सिल्व्हरही. डेपोर्तिवोत आधीच रोमेरो लेफ्ट बॅक, त्यामुळे जागेसाठी भांडावं लागलं, पण 2007 पर्यंत टिकला. मग व्हियारियाल, पहिल्याच सीझनला लीगमध्ये दुसरा नंबर, आणि लगेच युरो 2008, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, तिथेही फायनलला हाच लेफ्ट बॅक. पुढे त्याच जागेवर जोर्दी आल्बा आला आणि लोक याला विसरले.

पण आपण विसरावं हे जास्त लागतं, कारण 2014 ला आयएसएलच्या, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगच्या, पहिल्या सीझनला हा गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळायला आला होता. वर्ल्डकप जिंकून जेमतेम चार वर्षं झालेली. तेव्हा पेपरात फोटो कुणाचे, तर पुण्याचा त्रेझगे, गोव्याचा पिरेस, दिल्लीचा देल पिएरो. सगळे मोठेच, वादच नाही, पण यांचे वर्ल्डकप 1998 आणि 2006 चे. नॉर्थईस्ट तळाला राहिली हेही खरं, पण तळाच्या टीममध्ये वर्ल्ड चॅम्पियन खेळतोय ही बातमी नव्हती का?

तेव्हा जमलं तर कापदेविलावर एक चौकट छापा, आणि फोटो गोल मारतानाचा शोधत बसू नका, तसे फार नाहीत, देशाकडून 60 मॅचमध्ये 4 गोल आहेत फक्त.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, नवी मुंबई