औषधांच्या काउंटरवरच्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र.

त्या दिवशी सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रात असतं त्याच औषधाची, चिठ्ठी पुढे करायलाही मी धजत नव्हते. आधीच्या दुकानात ते नाव वाचून दोघं हसले होते आणि ‘साहेबांसाठी का?’ असं भर रांगेत विचारलं होतं. त्याही आधी, जिन्यावर धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून गेले, तर दंडाला पट्टा बांधून ‘बीपी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकवलं गेलं. फुप्फुसांच्या धमन्यांमधला दाब त्या पट्ट्यावर कळतच नाही, हे तुम्ही सांगितलंत.

तुम्ही हसला नाहीत. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘फुप्फुसांच्या रक्तदाबासाठी’ असं लिहिलंत आणि मग गोळ्या आत घातल्यात. मी काही बोललेही नव्हते, तरी तुम्हाला कळलं. ते पाकीट घरात कुणाच्याही हाती पडलं तरी मला मान खाली घालावी लागली नाही. या आजारात मला सगळ्यात मोठा आधार त्या दोन शब्दांचा वाटला.

एकाच आजाराला दोन गोळ्या कशाला, हेही तुम्हीच समजावलंत. शरीरातलं एन्डोथेलिन हे रसायन धमन्या आवळतं, त्यांच्या भिंती जाड करतं. माझी दुसरी गोळी, अँब्रिसेंटन, त्याला पेशींवर बसूच देत नाही. सिल्डेनाफिलची वाट वेगळी. नायट्रिक ऑक्साइडमुळे शरीरात सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं आणि त्याने धमन्यांचे स्नायू सैलावतात. पीडीई-५ हे एन्झाइम ते मोडून टाकतं, आणि ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. तिचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून दिवसातून तीनदा. आजार मुळापासून जात नाही, हृदयाच्या उजव्या बाजूवरचा भार हलका होतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. खोटा धीर देणाऱ्यांपेक्षा असं खरं बोलणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. माझ्यामागे रांग वाढत होती, तरी तुमच्या आवाजात घाई नव्हती.

निघताना तुम्ही विचारलंत, ‘घरात कुणाला सॉर्बिट्रेट चालू आहे का?’ सासऱ्यांना आहे, हृदयविकारामुळे छातीत दुखतं म्हणून. ती गोळी आणि सिल्डेनाफिल एकाच माणसाच्या पोटात गेल्या तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका उतरू शकतो, हे तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात असायच्या. त्याच संध्याकाळी वेगळ्या केल्या.

मनापासून आभार, ताई.