चाल हरवलेली पदं

ठाणे

प्रिय दोस्ता,

तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही, राग धरू नकोस. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच. आजचं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मोठ्या काकांच्या हॉलमध्ये बायबलमधल्या योसेफाच्या आख्यानाचं कीर्तन ठरलंय. चाळीसेक माणसं, सतरंजी, माइक नाही. धाकटी उभी राहणार. काकूंच्या ट्रंकेतली वही तिला दिली आहे. पदं पूर्ण आहेत, अक्षर न् अक्षर लागतं. पण प्रत्येक पदाच्या डोक्यावर नुसतं ‘चाल’ आणि पुढं कुठल्यातरी जुन्या गाण्याचे दोन-तीन शब्द. झालं! 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या बेने इस्राएल ज्यूंनी हे कीर्तन उभं केलं, 1880 सालीच पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं. पुढं नाटकातली पदं घराघरांत गेली, त्यामुळे लिहिणाऱ्याला तेवढी खूण पुरेशी वाटायची. आज ती खूण ओळखणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी, आणि त्यातलं एक, म्हणजे मावशी, तुझ्या घरात इस्राएलात डिमोनाला बसलंय.

साकी, दिंडी, ओवी या वृत्तांची मला काळजी नाही. दिंडीच्या ओळीत नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा, म्हणायची रीतही ठरलेली. कुठलाही कीर्तनकार पहिली ओळ वाचून उचलतो. अडतं ते पदाशी. मात्रा मोजून ताल सापडतो, चाल सापडत नाही.

तू म्हणायचास, शब्द टिकले की बस, चाल नवी लावू. त्यावरून लोकलमध्ये आपण किती भांडलो! मी अजूनही तिथंच आहे. शब्द त्या चालीवर बेतलेत. कुठलं अक्षर ओढायचं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोणता शब्द पडायचा, हे चालीनं आधीच ठरवलंय. नवी चाल लावून पाहिली तर भाऊ योसेफाला वीस रुप्यांना विकतात तिथं ‘विकला’ समेच्या आधीच संपतो आणि सगळा दंश जातो.

म्हणून मावशीला रेकॉर्डिंगला बसव. आज-उद्यात, दोस्ता. तिचं वय आपल्याला माहीत आहे.

पंखा, एसी बंद. फोन टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हात-दीड हात दूर. पेटी देऊ नकोस, तिला तिच्या सुरात सुरू करू दे. पट्टी मी इथं काढतो. आधी पद नुसतं बोलून घे, मग गाऊन. निदान दोन कडवी हवीत. पहिल्यात चाल कळते, दुसऱ्यात जास्तीची अक्षरं ती कशी बसवते ते कळतं आणि खरी गंमत तिथंच असते. टाळी द्यायला सांग, म्हणजे सम कुठं हे कळेल. एक मात्र करू नकोस: आठवण करून द्यायला जुन्या नाट्यपदाची रेकॉर्ड लावू नकोस. ती लगेच रेकॉर्डमधल्या हरकती घेईल आणि कीर्तनातली साधी चाल मागं पडेल. अडलीच तर वहीतली ओळ वाचून दाखव, थांब.

कीर्तन शनिवारी रात्री. शाब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुटून हवदाला, त्याच्या निरोपाची प्रार्थना, झाल्याशिवाय पेटी उघडायची नाही. तबलाही तेव्हाच सुरात घ्यायचा, त्याला अर्धा तास धरलाय. बिरड्याच्या सणाआधीचे (तिशा बआव) शोकाचे तीन आठवडे टाळलेत. झांजेची एकच जोडी, तीही काठावर वाजवायची. लहान खोलीत झांज पहिल्यांदा शब्द खाते. चिपळ्या धाकटीच्या हातात. बुलबुलतरंग नको, हे काकांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत!

शेवटी एलिया संदेष्ट्याचं ‘एलियाहू हनाबी’ हे गीत आणि गोड पोह्यांचा मलिदा. जाडे पोहे दोन किलो, नारळ पाच, साखर, वेलची, वर खजूर, केळी. नारळ शुक्रवारी दुपारीच खवून फ्रीजमध्ये, शाब्बाथात खवता येणार नाही. पोहे मात्र हवदालानंतर धुऊन निथळायचे, भिजत ठेवले की गोळा होतो. दूध नाही, जेवणात मटण आहे आणि आपल्यात मांसाबरोबर दूध चालत नाही. नारळ कमी पडला तर वहिनी वर्षभर बोलेल. सूर कमी पडला तर माफ करेल.

तुझ्या नव्या नोकरीचं ऐकलं, फार बरं वाटलं. घर बदललंस का? पोरांना मराठी कळतं, वाचता येत नाही, असं म्हणालास. मावशी गाताना त्यांनाही जवळ बसव, टाळी तेच देतील.

पदांच्या पानांचे फोटो सोबत आहेत. पाचवं आणि नववं आधी घे, विहिरीचं आणि भावांच्या भेटीचं. त्यांच्यावर आख्यान उभं आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट नको, आवाज दबतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, प्रत्येक पदाची वेगळी, नावात पान क्रमांक टाकून.

मावशीला शालोम.

तुझा,
तबलेवाला