पेडर रोड दोनदा लागतो

परळ, मुंबई
१५ डिसेंबर २०२४

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

मुंबईची मॅरेथॉन धावणार असा तुझा फोन आल्यापासून तुझी आई दोनच प्रश्न विचारते आहे. बेचाळीस किलोमीटर म्हणजे नेमकं किती, आणि एवढं धावून मिळतं काय? पहिल्याचं उत्तर मी देऊन टाकलं : व्हीटीहून रुळांच्या कडेने निघालं तर साधारण दिव्यापर्यंत. ते ऐकून ती जास्तच घाबरली. दुसऱ्याचं उत्तर तू आल्यावर दे.

१९ जानेवारीच्या मॅरेथॉनचा मार्ग तू नकाशावर पाहिला असशीलच. तुझ्या घड्याळात चढ-उताराचा आलेखही दिसतो म्हणतेस. पण मुंबई सपाट आहे हे जे तुला नागपुरात कोणी तरी सांगितलंय, ते साफ खोटं आहे. टॅक्सीत मागे बसणाऱ्याला ती सपाटच वाटणार. मी अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर बेस्टची गाडी चालवली आहे. चढ कुठे आहे ते माझ्या डाव्या पायाला विचार.

हाजीअली सोडून दक्षिणेकडे निघालं की पेडर रोड लागतो. संध्याकाळची गाडी, आत मुंगीला शिरायला जागा नाही, आणि चढावरच सिग्नल लाल. मागे चिकटून एखादी चकचकीत मोटार. हिरवा झाला की हाफ क्लचवर गाडी इंचभरही मागे न येऊ देता उचलायची. घाईने क्लच सोडला की गाडी धापकन बंद, उभे असलेले सगळे एकमेकांवर, आणि कंडक्टरच्या तोंडी जे येईल ते ऐकून घ्यायचं. जुने ड्रायव्हर नव्यांना एकच सांगायचे : चढ दिसायच्या आधी गिअर टाक, चढावर शोधत बसू नकोस.

हा पेडर रोड तुला दोनदा लागणार आहे. पहिल्यांदा जाताना, अंधारात, पाय ताजे असताना. तेव्हा तो कधी आला नि कधी गेला ते कळणारही नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. पहाटे पाचला व्हीटीसमोरून सुटताना सगळे उधळलेले असतात. मरीन ड्राइव्हवर वारा असतो, दिवे असतात, शेजारचा पुढे गेला की आपणही ओढले जातो. तू ओढली जाऊ नकोस. दुसऱ्यांदा तोच रस्ता पस्तीस किलोमीटरच्या आसपास येतो. अंगात साठवलेलं इंधन त्याच्या थोडं आधीच, तिशीच्या पुढे, तळाला गेलेलं असतं. डोक्यावर ऊन असतं. जसलोक हॉस्पिटलपाशी मी चांगली धडधाकट, कमावलेली माणसं कमरेवर हात ठेवून चालताना पाहिली आहेत. जसलोक मागे टाकून केम्प्स कॉर्नरचा उतार धरलास की मग बाबुलनाथ, चौपाटी, मरीन ड्राइव्ह. तिथून पुढे लोकच तुला ढकलत नेतील.

आता साडेचार तासांत संपवायच्या तुझ्या बेताबद्दल. तू रागावशील, पण पाच धर. तिकडे नागपुरात अंबाझरीला पहाटेच्या कोरड्या थंडीत पळताना घाम येतो आणि उडून जातो, म्हणून अंग थंड राहतं. इथे जानेवारीतही हवेत दमटपणा असतो. घाम अंगावरच राहतो, कपडे चिकटतात, आणि तोच वेग ठेवला तरी छाती जास्त धडधडते. त्यात तुझा काही दोष नाही, हवाच तशी. शुक्रवारी आलीस तर शनिवारी पहाटे शिवाजी पार्कला दोन हलक्या चकरा मार, म्हणजे अंगाला अंदाज येईल. पाणी दर टप्प्यावर थोडं थोडं घे, पण नुसतं पाणी ढोसत राहू नकोस, मीठही पोटात जाऊ दे. नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो.

कोरड्या हवेतून आल्यामुळे आपलं काही खरं नाही, असंही समजू नकोस. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर काही समुद्रकाठी वाढलेली नव्हती. ह्याच रस्त्यावर ती भारतीय बायकांमध्ये लागोपाठ तीनदा पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलपर्यंत पोचली. परभणीची ज्योती गवतेही २०१७ ला इथे भारतीयांत पहिली होती.

पाच तासांत धावण्यात आणखी एक गंमत आहे. मुख्य स्पर्धक तुमच्यानंतर, सकाळी सव्वासातच्या पुढे सुटतात. पाच तासांच्या हिशोबाने तू नऊच्या पुढेमागे हाजीअली-पेडर रोडच्या पट्ट्यात असशील, आणि तिथेच कुठे तरी ते इथिओपियाचे, केनियाचे गडी तुला मागे टाकतील. पुढे घड्याळ लावलेली गाडी, मागे पाच-सहा जण. पायाचा आवाजसुद्धा येत नाही. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हेले लेमीने इथे २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा विक्रम केला, म्हणजे किलोमीटरला जेमतेम तीन मिनिटं. माझी गाडी ऑफिसच्या वेळेला तेवढ्यात तेवढं अंतर कापत नव्हती. बाजूला हो आणि नीट बघून घे.

वांद्रे-वरळी सी लिंकवर तू पोचशील तेव्हा अजून नीट उजाडलेलंही नसेल. एरवी तिथे पायी माणसाला बंदी, त्यामुळे सगळे थांबून सेल्फी काढतात. एक काढ, दहा नकोत. माहीम आणि शिवाजी पार्कच्या पट्ट्यात लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात. संत्री खा, पण ओळखीची नसलेली कुठलीही धावताना चोखायची जेल-बिल तोंडात टाकू नकोस. बूटही सवयीचेच घाल. आदल्या रात्री साधा वरणभात. आई पुरणपोळीचं म्हणत होती, ती मी धावण्यानंतरसाठी ठरवून घेतली आहे.

आई सिद्धिविनायकापाशी थांबणार आहे. तिथे उभं राहिल्याने दोन्ही कामं होतात, असं तिचं म्हणणं. मी पेडर रोडला असेन, चढाच्या मध्यावर. जुन्या खाकी टोपीत, म्हणजे गर्दीत दिसेन. मी काही ओरडणार नाही, ते मला जमत नाही. तू चालत असलीस तरी चालेल, फक्त थांबू नकोस. तिथे थांबलेली गाडी पुन्हा उचलणं किती अवघड ते वर लिहिलंच आहे.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) जावं लागेल, ओळखपत्र विसरू नकोस. पहाटे मॅरेथॉनसाठी जादा लोकल सोडतात, पण मी शेजारच्या टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलंय. आणि रविवारच्या विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर. सोमवारची रजा टाक. आपल्या चाळीला लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून त्या दिवशी बॅग घेऊन उतरणं तुला जमायचं नाही.

तुझा,
बाबा